पेट्रोलियमची डिग्री स्वस्तात कुठे पडते, विचारलंस म्हणून

अगं, तुझा मेसेज वाचला, तू बनवलेली कॉलेजांची एक्सेल शीटपण बघितली. मेहनत घेतलीयस, पण त्यात पैशाचा कॉलम एकच आहे, वार्षिक फी, आणि सगळा घोळ तिथेच आहे. छापलेली फी एक असते आणि आपल्या खिशातून जाते ती वेगळीच असते.

धनबादचंच बघ. आयआयटी म्हणजे सेमिस्टरला एक लाख ट्युशन, म्हणून तू त्याला लाल रंग मारून खाली ढकललंयस. पण घरचं वर्षाचं उत्पन्न एक ते पाच लाखांच्या मधे असेल तर दोन-तृतीयांश ट्युशन माफ होते, एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, आणि एससी, एसटी, दिव्यांग मुलांना उत्पन्न न बघताच पूर्ण माफ. तुझे बाबा सांगतात ते उत्पन्न खरं धरलं तर चार वर्षांची आठ लाखांची ट्युशन तुला पावणेतीन लाखांच्या आत पडते. हॉस्टेल, मेस आणि तो दिवसभराहून लांबचा रेल्वे प्रवास वेगळा धर. आणि हा विभाग काही काल-परवाचा नाही, १९५७ पासून तिथे पेट्रोलियम शिकवतात. अर्थात जेईई ॲडव्हान्स्डची रँक लागते, ते आलंच.

तुझ्या शीटमध्ये दोन नावं नाहीतच. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातलं जायस इथलं आरजीआयपीटी आणि विशाखापट्टणमचं आयआयपीई, दोन्हीकडे पेट्रोलियम शिकवतात. दोन्ही केंद्राच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्था आहेत, मागे पेट्रोलियम मंत्रालय आहे. मराठी पोरं यांना विसरतात कारण यांनी आजवर जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्र प्रवेशफेऱ्यांच्या, बाहेर स्वतःचा वेगळा फॉर्म मागितलाय, आणि आपण जोसाच्या राउंडमध्ये अडकलेलो असताना तिकडची तारीख निघून जाते. साइटवर आत्तापासून नजर ठेव.

आता पुणे. एमआयटीत पेट्रोलियम खूप वर्षांपासून आहे, मराठी माणूस रिगवर, म्हणजे तेलविहीर खणायच्या यंत्रावर, भेटला की बरेचदा तिथलाच निघतो, शिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. पण आता ते खाजगी विद्यापीठ आहे, फी वर्षाला लाखांत, आणि शाहू महाराज शिष्यवृत्तीतली ५० टक्के फी किंवा २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना आठ लाखांच्या उत्पन्नापर्यंत मिळणारी १०० टक्के फी माफी, या योजना खाजगी विद्यापीठांना लागू नाहीत. ॲडमिशन काउंटरवर कोणी 'होऊन जाईल मॅडम' म्हणालं तर लेखी माग. गांधीनगर आणि डेहराडूनच्या खाजगी विद्यापीठांत पण फीचा आकडा असाच मोठा, घराजवळ राहण्याचा फायदा मात्र नाही.

लोणेरेचं तू पेट्रोलियम म्हणून टाकलंयस, तिथे पेट्रोकेमिकल आहे. फी सरकारी, ब्रँच चांगली, पण ती रिफायनरी आणि प्लँटची वाट, जमिनीतून तेल काढायची नाही. आणि माटुंग्याच्या आयसीटीतलं ऑइल्स तर खायच्या तेलाचं आणि साबणाचं आहे, ते काढून टाक बाई.

आता खरं सांगायचं ते. माझं मत विचारशील तर पेट्रोलियमची बी.टेक. एक तर धनबाद, जायस किंवा विशाखापट्टणमसारख्या ठिकाणी माफीसकट मिळत असेल तर घे, नाहीतर मोठं कर्ज काढून अजिबात घेऊ नको. कारण हा धंदा तेलाच्या भावावर नाचतो. २०१४ च्या जूनमध्ये क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बॅरलला ११० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली आलं. म्हणजे २०१२ ला पेढे वाटून ॲडमिशन घेतलेली बॅच बाहेर पडली तेव्हा रिग बंद करून ठेवलेल्या आणि कंपन्या आहेत त्यांनाच घरी पाठवत होत्या. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकन क्रूडचा वायदा एक दिवस उणे ३७ डॉलरवर गेला. तू पास होशील तेव्हा भाव कुठे असेल ते कोणी सांगू शकत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला यायचाच.

मग दुसरी वाट आहे, आणि ती खरंच स्वस्त आहे. कराड, अमरावती, संभाजीनगर अशा सरकारी कॉलेजात मेकॅनिकल, किंवा जिथे मिळेल तिथे केमिकल, सीईटीतून, फी माफीत. ओएनजीसी, ही सरकारी तेल कंपनी, जागा काढते तेव्हा ड्रिलिंग-मेकॅनिकल, प्रॉडक्शन-मेकॅनिकल, प्रॉडक्शन-केमिकल अशा पोस्ट असतातच, कधी गेट या इंजिनिअरिंगनंतरच्या परीक्षेच्या स्कोअरवर घेतात, कधी स्वतःची परीक्षा लावतात. तेलाचंच वेड राहिलं तर गेट देऊन पेट्रोलियममध्ये एम.टेक. कर, गेटवाल्यांना महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, म्हणजे शिकायचे पैसे उलट आपल्याला. भाव पडले तर मेकॅनिकलवाली पुण्यात कुठेतरी लागते, फक्त पेट्रोलियमवालीला तेवढी दारं उघडी नसतात.

कुठलंही कॉलेज बघायला गेलीस तर प्लेसमेंटच्या पोस्टरसमोर उभी राहू नको, मड लॅब दाखवा म्हण. मड म्हणजे विहीर खणताना आत सोडतात तो चिखलासारखा द्रव. तिथे मार्श फनेल असतो, साधं नरसाळं, वर जाळी. त्यात दीड लिटर मड ओततात आणि खालून एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९४६ मिली, पडायला किती सेकंद लागतात ते मोजतात. साध्या पाण्याला २६ च्या आसपास लागतात. जाळीच्या कडेला वाळलेला बेंटोनाइट, म्हणजे मडमधली माती, चिकटलेला असेल तर पोरं खरंच हात घालतात. नवाकोरा चकचकीत काचेच्या कपाटात असेल आणि चावी ज्यांच्याकडे ते सर आज रजेवर असतील, तर समजून जा. थर्ड इयरच्या मुलांना गाठून समर इंटर्नशिप कॉलेजने लावली की स्वतः शोधली हेही विचार.

मुलीला रिगवर घेतात का, हे आईने विचारलंय. घेतात. समुद्रावर साधारण चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी. आईला पहिले चौदा सांगायच्या आधी दुसरे चौदा सांग.

आता शीटमध्ये अजून चार कॉलम घाल: माफी वजा करून ट्युशन, हॉस्टेल-मेस, प्रवास, आणि कर्ज लागलं तर महिन्याचा हप्ता. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर याच आठवड्यात काढायला टाका, निकाल लागल्यावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते. ओएनजीसी फाउंडेशनची वर्षाला ४८ हजारांची स्कॉलरशिपपण आहे, तिच्या अटी वाचून ठेव. शीट भरून झाली की परत पाठव, रविवारी निवांत बघतो.