'ग्राही' कोलेस्टेरॉल बाहेरही सोडतो का?

प्रश्न असा: रिसेप्टरला (ठरावीक रेणू ओळखून धरणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला) मराठीत 'ग्राही' म्हणतात, मग "पेशीवरचे ग्राही कोलेस्टेरॉल आत घेतात आणि बाहेर सोडतात" हे वाक्य बरोबर आहे का? घेणारा तो ग्राही, तर सोडणारा ग्राही कसा?

वाक्याचा पहिला भाग ठीक आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा 'वाहक' (ट्रान्सपोर्टर) हवा.

'ग्रह्' म्हणजे पकडणे. एलडीएल या रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचा ग्राही, म्हणजे एलडीएल-ग्राही, नेमकं तेच करतो. तो शोधणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. हा ग्राही सुट्या कोलेस्टेरॉलला हातच लावत नाही. एलडीएल कणावर एपोबी-१०० नावाचं प्रथिन असतं, ते ओळखून तो अख्खा कण धरतो. मग तिथलं पेशीपटल आत खचतं, त्याची इवलीशी पिशवी होते आणि कण व ग्राही दोघंही आत जातात. पिशवीत आम्लता वाढली की पकड सुटते. कण लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतली पचनाची पिशवी) जाऊन मोडतो, त्यातलं कोलेस्टेरॉल पेशीला मिळतं. ग्राही मात्र परत पृष्ठभागावर येतो आणि पुढचा कण धरतो. अशी एक फेरी साधारण दहा मिनिटांची. पीसीएसके९ हे प्रथिन त्याला चिकटलं, तर परतीची वाट बंद होते आणि ग्राहीही लयकारिकेत संपतो. ग्राही घटले की रक्तातलं एलडीएल वाढतं.

बाहेरचा रस्ता निराळा आहे. एबीसीए१ हे प्रथिन एटीपीची (पेशीच्या इंधन-रेणूची) ऊर्जा खर्चून पेशीतलं कोलेस्टेरॉल एपोए-१ या प्रथिनाच्या हवाली करतं आणि त्यातून एचडीएल (जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे नेणारे कण) घडू लागतं. याला ग्राही म्हणू नये, हा वाहक. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर टँजिअर रोग होतो: रक्तात एचडीएल जवळजवळ उरत नाही, आणि पेशींत साठलेल्या कोलेस्टेरॉलमुळे टॉन्सिल मोठे व पिवळे-नारिंगी दिसतात.

'बहुतेक वेळा' म्हटलं ते एसआर-बी१ मुळे. हा एचडीएलचा ग्राही. तो कण गिळत नाही, त्यातली कोलेस्टेरॉल एस्टरं (मेदाम्ल जोडलेलं कोलेस्टेरॉल) तेवढी काढून घेतो. पण मुक्त (मेदाम्ल न जोडलेलं) कोलेस्टेरॉल त्याच्यामार्फत दोन्ही दिशांना सरकतं, जिकडे कमी तिकडे. म्हणजे एसआर-बी१ बद्दल लिहिताना "ग्राही बाहेर सोडतो" चालेल. एरवी मी लिहीन: "ग्राही एलडीएल धरून आत आणतात, वाहक कोलेस्टेरॉल बाहेर नेतात."