निवृत्तीनंतरच्या प्रवासासाठी नोकरी दोन वर्षं आधी सोडावी का?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मनापासून आवडलं. निवृत्तीबद्दल लिहिणारे बहुतेक जण भीतीपासून सुरुवात करतात, तुम्ही हौसेपासून केलीत. त्या हौसेला हात न लावता पैशांचं कसं जमवता येईल ते बघू या.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. नाव आणि रकमा काढून टाकल्या आहेत. सगळा हिशेब ‘वर्षाचा घरखर्च’ या एककात केला आहे, म्हणजे कुणालाही तो स्वतःला लावून बघता येईल. तुम्हाला आता 58 पूर्ण होतील, पत्नी 54 वर्षांच्या आहेत. कर्ज नाही, मुलगा कमावता आहे, महिन्याला ठरावीक रक्कम देणारं निवृत्तिवेतन मात्र नाही. जमवलेली पुंजी आजच्या 24 वर्षांच्या घरखर्चाएवढी आहे आणि पगारातून वर्षाला आणखी पाऊण वर्षाचा खर्च शिल्लक पडतो. नोकरी 60 पर्यंत करता येते, पण ती आत्ताच सोडून पुंजीचा पाचवा हिस्सा ‘प्रवास निधी’ म्हणून वेगळा काढावा, उंच डोंगरांतले ट्रेक करावेत, लांबचे देश पाहावेत, फोटोग्राफी आणि व्हायोलिन शिकावं, असं तुमच्या मनात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते: नोकरी आत्ता सोडू नका, पण सगळ्यात अवघड प्रवास 60 पर्यंत थांबवूही नका. आणि पाचवा हिस्सा एकरकमी वेगळा काढण्याची कल्पना सोडून द्या.

आता त्यामागची गणितं. 24 मधून पाचवा हिस्सा, म्हणजे 4.8, काढला की 19.2 उरतात. नोकरीबरोबर जाण्यायेण्याचा, कपड्यांचा, बाहेरच्या खाण्याचा खर्चही जाईल. तुम्ही तो 12 टक्के धरला आहे आणि मला तो पटतो. म्हणजे वर्षाला 0.88 लागेल. पहिल्याच वर्षी उरलेल्या पुंजीतून साधारण 4.6 टक्के काढावे लागतील.

तुम्ही ‘चार टक्क्यांच्या नियमा’चा उल्लेख करून लिहिलं आहे की आपण त्याच्या जवळच आहोत. तो नियम कुठून आला ते बघितलं पाहिजे. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने 1994 मध्ये तो मांडला. अमेरिकेतल्या शेअर आणि रोखे बाजाराचा 1926 पासूनचा इतिहास घेऊन त्याने तपासलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या किती टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसे 30 वर्षं पुरतील. म्हणजे तो एका देशाच्या बाजाराचा हिशेब आहे आणि मुदत 30 वर्षांची आहे. तुमची पुंजी तुमच्या आयुष्याएवढी पुरून भागणार नाही, ती तुमच्या पत्नीच्या आयुष्याएवढी पुरली पाहिजे. त्या 54 च्या आहेत. 92 पर्यंतची तरतूद करायची म्हटली तर आजपासून 38 वर्षं होतात. एवढ्या लांब पल्ल्यासाठी मी साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास राहायला सांगते. 4.6 मला जास्त वाटतात.

दुसरा धोका टक्केवारीत दिसत नाही, तो क्रमात लपलेला असतो. समजा 100 ची पुंजी आहे आणि दर वर्षाच्या सुरुवातीला त्यातून 5 काढायचे आहेत. चार वर्षांत बाजाराने आधी 20 टक्के, मग 10 टक्के घट दाखवली आणि नंतर 15 आणि 25 टक्के वाढ दिली, तर चौथ्या वर्षाअखेर 78 उरतात. हीच चार वर्षं उलट्या क्रमाने आली, म्हणजे आधी वाढ आणि मग घट, तर 86 हून जास्त उरतात. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे आकडा एकच आला असता, साडेतीन टक्के नफा. फरक फक्त पडत्या बाजारात विकावं लागण्याचा आहे. निवृत्तीची पहिली चार-पाच वर्षं म्हणूनच नाजूक असतात, आणि तुम्ही नेमका त्याच वर्षांत सगळ्यात मोठा खर्च ठेवला आहे.

मग प्रवास पुढे ढकलायचा का? मुळीच नाही, आणि इथे अनेक सल्लागारांशी माझा मतभेद आहे. ‘आधी सुरक्षितता, मौज मागाहून’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मौजेचीही मुदत असते. व्यायाम नसेल तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. तुमच्या यादीतला पहिला ट्रेक पाच हजार मीटरच्या वर जातो. विरळ हवेचा त्रास 2,500 मीटरच्या वर कुठल्याही वयात होऊ शकतो, तेव्हा तुमचं वय हा अडसर नाही. पण गुडघे, रक्तदाब आणि चढणीनंतरचा थकवा 58 ला जसा असतो तसा 68 ला राहत नाही. प्रवास विम्याचंही तसंच आहे. वय वाढेल तसा हप्ता वाढतो, जुने आजार जाहीर करावे लागतात आणि काही कंपन्या एका वयानंतर नवी पॉलिसी देतच नाहीत. शिवाय महागाई 6 टक्के धरली तर आजचा प्रवासखर्च 12 वर्षांत दुप्पट होतो. थांबण्याचीही किंमत असते आणि ती हिशेबात धरलीच पाहिजे.

म्हणून माझा पर्याय असा. नोकरी 60 पर्यंत ठेवा. त्याआधीच दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागा आणि तो उंचावरचा ट्रेक, त्याला जोडून हवा तो देश, आत्ता करून घ्या. दोन महिन्यांचा पगार बुडेल तो तुमच्या हिशेबाने सुमारे 0.3, प्रवासाचा खर्च 0.4, म्हणजे मिळून 0.7. पुंजी महागाईच्या वर 2 टक्के वाढते असं मी धरलं आहे, आणि मुद्दामच हात राखून धरलं आहे. त्यावर दोन वर्षांची बचत मिळवली की 60 ला साधारण 26.5 होतात, त्यातून हे 0.7 वजा केले की 25.8. आज नोकरी सोडली आणि एकही प्रवास केला नाही, तरी त्याच वयाला फक्त 23 च्या आसपास उरतात. म्हणजे ट्रेक होऊनही ही दोन वर्षं तुम्हाला जवळपास पावणेतीन वर्षांचा घरखर्च जास्त देऊन जातात. रजा नाकारली गेली तर हे समीकरण बदलेल. तेव्हा मला परत लिहा, आपण 59 चाही विचार करू.

60 नंतरच्या प्रवासासाठी 4.8 नव्हे, 2.6 ठेवा. पहिली चार वर्षं दर वर्षी 0.4 आणि पुढची पाच वर्षं 0.2. त्यानंतर वेगळा निधी नको, जो प्रवास होईल तो घरखर्चात बसेल. हे उतरतं प्रमाण मी मनाने काढलेलं नाही. डेव्हिड ब्लँचेट यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या निवृत्तांच्या खर्चाचा अभ्यास केला. महागाई वजा केली तर वयाबरोबर खर्च हळूहळू उतरत जातो आणि अगदी शेवटी औषधोपचारांमुळे पुन्हा वर येतो, असं त्यांना दिसलं. पैसे आधी वापरा असं सांगताना ही शेवटची चढण मात्र मी विसरत नाही, म्हणून तुमच्या आरोग्य विम्याला आणि आकस्मिक निधीला या हिशेबात हात लावलेला नाही. 2.6 काढले की 23.2 उरतात, वर्षाला लागणार 0.88, म्हणजे 3.8 टक्के. माझ्या मर्यादेच्या किंचित वर आहे, पण चालेल, कारण प्रवास हा असा खर्च आहे की जो एखाद्या वर्षी थांबवता येतो. पुढच्या तीन वर्षांच्या प्रवासाचे पैसे मुदत ठेवीत किंवा तशाच सुरक्षित जागी ठेवा, बाकीचे बाजारात राहू द्या. बाजार पाचव्या हिश्शाने कोसळला तर त्या वर्षी लांबचा प्रवास नको, जवळचा करा. हे आत्ताच दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवा, कारण बाजार पडलेला असताना आणि तिकीट काढायचं मनात असताना असे निर्णय नीट होत नाहीत.

आता पत्रातल्या एका गोष्टीकडे वळते, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. प्रवासाबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिली आहेत आणि छंदांबद्दल एक ओळ. तुमच्या आराखड्याप्रमाणे सगळे प्रवास झाले तरी वर्षातले दहा आठवडे भरतात. उरलेले 42 आठवडे घरीच जाणार आहेत. नोकरी सुटल्यावर माणसं अडखळतात ती याच आठवड्यांत, कुठल्याशा मंगळवारी दुपारी तीन वाजता, आणि त्यावर पैशांचा उपाय चालत नाही. व्हायोलिन 60 ला हातात घ्यायचं आणि 61 ला वाजवायचं असं होत नाही. बोटं बसायला, सूर नेमका लागायला वर्षं जातात, आणि सुरुवातीचा तो कंटाळवाणा काळ नोकरी चालू असताना, आठवड्यातून दोन संध्याकाळी निघून गेलेला बरा. भाड्याने वाद्य घ्या, याच महिन्यात शिकवणी लावा. सहा महिने टिकलात तर स्वतःचं विकत घ्या. कॅमेऱ्याचंही तेच. तुम्ही ज्या लेन्सची किंमत लिहिली आहे ती मोठी आहे, आणि उपकरणं आधी घेऊन छंद मागाहून लावून घेणं हा खर्चिक उलटा क्रम आहे. आत्ता आहे त्या कॅमेऱ्याने वर्षभर दर रविवारी फोटो काढा. तरी लेन्स हवीशी वाटली तर ती जरूर घ्या, मी आडवी येणार नाही.

स्वप्न बघण्याबद्दल तुम्ही थोडं ओशाळून लिहिलं आहे, नकाशे बघण्यात वेळ जातो म्हणून. ओशाळू नका. जेरोन नॉवाइन आणि सहकाऱ्यांनी 1,530 डच प्रौढांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला होता. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते, परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नव्हता. अगदी निवांत सुट्टी घालवलेले तेवढे अपवाद ठरले. वाट बघण्यातच मोठा आनंद असतो, तेव्हा एका महाकाय प्रवासापेक्षा वर्षात दोन-तीन ठरलेल्या तारखा असणं तुम्हाला जास्त सुख देईल असं मला वाटतं. खर्चही तेवढाच विभागला जाईल.

आणि तुमच्या पत्नी. पत्रभर ‘आम्ही’ आहे, पण त्यांच्याबद्दल वाक्य एकच: ‘तिला बागेची आवड आहे.’ बाग असलेल्या माणसाला दोन-दोन महिने घराबाहेर राहणं जड जातं. उन्हाळ्यात आठवडाभर पाणी चुकलं तरी कुंड्यांतली रोपं माना टाकतात, आणि वर्षभर जपलेलं झाड परत आल्यावर वाळलेलं बघायचं, हे त्यांनी दर वेळी का सोसावं? त्यांना उंचावर चालायचं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं नसेल तर आज विचारा. दोघांनी वेगवेगळं बसून आपापल्या याद्या करा, एकमेकांना न दाखवता, आणि मग शेजारी ठेवून बघा. काही प्रवास तुम्ही मित्रांबरोबर एकट्याने कराल, काही दोघं मिळून तीन आठवड्यांचे कराल, आणि निधीतला एक हिस्सा बागेला मिळेल, असं काहीतरी निघेल. माझ्या आकड्यांत ते सगळं बसतं. त्यांनी दीड महिन्याच्या एका प्रवासाऐवजी ठिबक सिंचन आणि रोपांसाठी छोटी जाळीची खोली मागितली, तर तीही याच 2.6 मधून करा. तो त्यांचा निवृत्तीचा प्रवास आहे.

रजेचा अर्ज देण्याआधी दोन कामं करून घ्या. उंचावर जाण्यासाठी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून त्यांचा लेखी होकार घ्या, कारण तोच नसेल तर ट्रेकचे 0.4 दुसरीकडे वळवावे लागतील. आणि प्रवास निधीचं खातं दोघांच्या नावावर उघडा, दोघांपैकी कुणालाही एकट्याच्या सहीने पैसे काढता येतील असं. सध्या सगळी गुंतवणूक तुमच्या एकट्याच्या नावावर आहे असं तुमच्या तक्त्यावरून दिसतं. ते बदलायला रजेची किंवा निवृत्तीची वाट बघू नका, या आठवड्यातच अर्ज भरा.