तूप सोडायचे की मोजायचे?

रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की घरातला तुपाचा डबा सर्वांत आधी फडताळाच्या वरच्या कप्प्यात जातो. आहार-समुपदेशक म्हणून मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो, की तूप, लोणी आणि साय आता कायमची बंद करायची का? सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचा अनुभव या प्रश्नाच्या निमित्ताने मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ एका सहकारी संस्थेत हिशेबनीस आहेत. घरी दुभती म्हैस असल्यामुळे लहानपणापासून वरणभातावर साजूक तूप आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ही त्यांच्या जेवणाची रीतच होती. तपासणीत त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, १५२ निघाले. हृदयविकाराचा इतिहास, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांपैकी काहीही नसल्याने डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केले नाही. तीन महिने आहार सांभाळा, रोज चाला आणि पुन्हा तपासणी करा, असे सांगितले. गृहस्थांनी त्याच दिवसापासून तूप, लोणी आणि साय पूर्णपणे सोडून दिली. कोरडी भाकरी आणि तुपाशिवाय वरणभात असे सुमारे दोन महिने चालले. मग बेंदूर आला. पुरणपोळीवर तूप घेणार नाही म्हणून ते पाटावर बसले आणि पाच पोळ्या, वाटीभर तूप आणि वर दूध-गुळवणी घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी इतकी टोचणी लागली की त्यांनी दिवसभर काहीच खाल्ले नाही. "यांचं खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी असंच चाललंय," हे त्यांच्या पत्नीचे शब्द होते, आणि त्यांनीच त्यांना माझ्याकडे आणले.

पहिल्या भेटीत मी त्यांना आहारतक्ता दिला नाही. आठवडाभर जे खाल, प्याल ते वेळेसह लिहून आणा, एवढेच सांगितले. हिशेबनीसाला हे काम अवघड नव्हते. त्यांनी आणलेली वही वाचताना लक्षात आले, की ताटातून तूप गेले होते, पण आहारातली चरबी फारशी कमी झाली नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत चार कप चहा होत होता आणि तोही नुसत्या म्हशीच्या दुधाचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास कडकडून भूक लागे, तेव्हा कार्यालयात दोन खारी आणि मूठभर फरसाण खाल्ले जाई. रात्री जेवणानंतरही काहीतरी खावेसे वाटून शेव-चिवडा होत असे.

आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. एक लहान चमचा तूप म्हणजे साधारण ५ ग्रॅम आणि ४५ कॅलरी. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. चार कप चहात मिळून ३०० मिलिलिटर दूध धरले, तरी त्यातून सुमारे १९ ग्रॅम स्निग्धांश पोटात जात होता, म्हणजे जवळजवळ चार चमचे तूप, आणि ते तूप ना डोळ्यांना दिसत होते, ना जिभेला कळत होते. तळलेल्या शेव-फरसाणात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेल असू शकते. वरणावरचा एक चमचा सोडून त्यांनी स्वतःच्या नकळत कितीतरी चमचे इतर वाटांनी घेतले होते. हा आकडा पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळच्या भुकेचे कारणही कोरड्या जेवणात होते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो आणि जेवण अधिक काळ पुरते. त्यांच्या दुपारच्या ताटात तूप नव्हते, डाळ पातळ होती आणि उसळ तर क्वचितच असे. त्यामुळे पाच वाजता पोट पेटणे स्वाभाविक होते. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून ते स्वतःला दोष देत होते, आणि तो दोष त्यांच्या डोक्यातून काढणे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटले.

याचा अर्थ तूप कितीही चालते असा मात्र नाही. सकाळी अनशापोटी दोन-तीन मोठे चमचे तूप घ्या, देशी गाईचे असेल तर अपाय होतच नाही, असे सल्ले हल्ली मोबाइलवर सारखे फिरतात आणि या गृहस्थांच्या मेहुण्यांनीही त्यांना तेच सांगितले होते. तूप कोणत्याही गाईचे वा म्हशीचे असो, त्यातली सुमारे ६० टक्क्यांहून अधिक चरबी संतृप्त (सॅच्युरेटेड) असते. संतृप्त चरबी वाढली की रक्तातले एलडीएल उचलून घेणाऱ्या यकृतातील ग्राही रेणूंचे (रिसेप्टर) काम मंदावते आणि एलडीएल रक्तात साचत राहते. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी संतृप्त चरबीचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण साधारण २२ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एवढ्याच आहारासाठी तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलेले आहे. या मर्यादेत दोन लहान चमचे साजूक तूप आरामात बसते, मात्र फोडणीचे तेल आवरावे लागते आणि दुधातल्या सायीचाही हिशेब ठेवावा लागतो.

म्हणून आम्ही एकच धोरण ठरवले: जी चरबी दिसते, जिचा वास येतो आणि जिची चव लागते ती ठेवायची, जी लपून येते ती कमी करायची. रात्री दूध तापवून थंड करायचे, सकाळी साय काढून विरजणाच्या भांड्यात टाकायची आणि चहा त्या साय काढलेल्या दुधाचा, निम्मे पाणी घालून, दिवसातून दोनदाच करायचा. भाजीच्या फोडणीसाठी बाटलीतून थेट तेल न ओतता चमच्याने मोजून घालायचे. खारी पूर्ण बंद केली, कारण सुट्या खारीत कोणते वनस्पती तूप किंवा मार्गारिन आहे हे कळायला वेष्टनच नसते. पाच वाजता भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि घरचे ताक आले. लोणी काढल्यावर उरणाऱ्या ताकात स्निग्धांश फारच थोडा राहतो, त्यामुळे ज्या घरी लोणी निघते त्या घरी हा उपाय आयताच असतो.

तूप स्वयंपाकात न घालता ताटात वरून वाढायचे ठरले: एक चमचा दुपारी गरम वरणभातावर, दुसरा रात्री भाकरीवर. पोळीला लावण्यासाठी, भाजीत आणि खिचडीच्या फोडणीत असे तीन ठिकाणी विरून जाणारे तूप आपल्या लक्षातही राहत नाही. वरून घेतलेला एक चमचा मात्र पूर्ण समाधान देतो. रविवारच्या थालीपिठावर लोणी ठेवले, पण त्या दिवशी तुपाचे चमचे वजा केले. सणाच्या दिवशी दोन पुरणपोळ्या, त्यावर दोन चमचे तूप आणि कटाची आमटी. भजी आणि दूध बाजूला. दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, नेहमीसारखेच जेवायचे, ही अट मी आग्रहाने घातली, कारण उपाशी राहून केलेली भरपाई पुन्हा अतिरेकाकडेच नेते.

तीन महिन्यांनी एलडीएल १३१ वर आले आणि वजन तीन किलोंनी उतरले. यात रोजच्या पाऊण तासाच्या चालण्याचा वाटा मोठा आहे. डॉक्टरांनी औषधाशिवाय आणखी काही महिने हेच चालू ठेवायला सांगितले. प्रत्येकाचा आकडा असाच उतरेल, असे मी म्हणणार नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांच्या घराण्यात फार लहान वयात हृदयरोग झालेला आहे किंवा ज्यांना पित्ताशयातील खड्यांचा त्रास आहे, त्यांनी तुपाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि चालू असलेले औषध तर कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून थांबवू नये.

या घरात आणखी एक प्रश्न होता. लोणी काढणाऱ्या आजींनी मुलाला सोबत म्हणून स्वतःच्याही ताटातले तूप सोडले होते. वय ७९, वजन जेमतेम ४१ किलो आणि दात नसल्याने जेवण आधीच अर्ध्यावर आलेले. त्यांना मी वेगळे बोलावून सांगितले, की मुलाच्या दोन चमच्यांचा नियम तुम्हाला लागू नाही. मऊ भातावर, मुगाच्या वरणावर तुम्ही त्याच्याहून अधिक तूप घ्यायला हवे, दुधावरची सायही खायला हवी, कारण थोड्या घासांत तुम्हाला जास्त ऊर्जा मिळाली पाहिजे. "मग त्याच्यासमोर खाऊ कशी?" असे त्यांनी विचारले. त्यावर मुलगाच म्हणाला, "आई, माझा चमचा मला आहे, तुझा तुला." तेव्हापासून आजी पुन्हा तूप घेऊ लागल्या, आणि पुढच्या भेटीत त्यांचे वजन दीड किलोने वाढलेले होते.