मूल झालंय ना, मग तक्रार कसली?

"मॅडम, नवसासायासानं झालेलं लेकरू आहे. त्याच्यासमोर कण्हायचं तरी कसं?" समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी थोड्याफार फरकाने सतत ऐकत आले आहे. कुणाला मधुमेह असतो, कुणी कर्करोगाच्या उपचारांतून नुकतीच उठलेली असते, कुणाचं डायलिसिस चालू असतं. आजार वेगवेगळे, पण सल एकच. आजारपणामुळे मी मुलाला पुरी पडत नाही, आणि देवाने मूल दिलंय म्हटल्यावर कुरकुर करायचा मला हक्कही उरलेला नाही. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिला वैदेही म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, उपचार आणि उपासतापास करून वैदेहीला मुलगी झाली. पुढच्या काही महिन्यांत बोटांचे सांधे सुजायला लागले. बाळंतवात असेल, शेकशेगडी नीट झाली नसेल, असं घरच्यांना वाटलं. रक्ततपासण्या झाल्या तेव्हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त आढळतो. आधीपासून असला तर गरोदरपणात तो पुष्कळदा शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, आणि काहींना पहिल्यांदा होतो तोच बाळंतपणानंतर. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं औषध सुरू करायचं म्हणून तिला अंगावरचं दूध तोडावं लागलं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण गुण यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर घरातले, शेजारचे, पाहुणे सगळे एकच सांगत राहिले : "मूल तर पदरात पडलं ना? देवाचे आभार मान."

ती माझ्याकडे आली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आजार बराचसा आटोक्यात होता, पण सकाळी बोटं तासभर आखडलेलीच असायची. नेमकी तीच वेळ मुलीला शाळेसाठी तयार करायची.

"तिच्या गणवेशाची बटणं मला लागत नाहीत. सासूबाई लावतात. मी नुसती बघत उभी असते."

"तेव्हा मनात काय येतं?"

"आपण कृतज्ञ असायला हवं, असं येतं."

"आणि ते यायच्या आधी?"

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "राग येतो. हातांचा, सासूबाईंचा, कधीकधी पोरीचासुद्धा. आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटते, की दिवसभर मी तिचे लाडच करत सुटते."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात ती मांडली. दुखणं हे दुखणंच असतं, त्याला कुणी नाकारत नाही. पण त्याच्यावर आपण आणखी एक ओझं लादतो : मला वाईट वाटताच कामा नये, वाटलं तर मी वाईट आई. सांध्यांसाठी डॉक्टर आहेत. हे दुसरं ओझं मात्र उतरवता येतं, आणि माझं काम तिथे असतं. वैदेहीला हे पटत होतं, पण वळत नव्हतं. "पटतंय मॅडम, पण आत जात नाही," असं ती प्रामाणिकपणे सांगायची.

ते आत गेलं ते वेगळ्याच वाटेने. मुलीवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून ती रोज रात्री तिच्याकडून हात जोडून म्हणवून घ्यायची, "बाप्पा, मला आई-बाबा दिलेस, थँक्यू. मला खाऊ दिलास, थँक्यू." एकदा आमचं बोलणं संपलं, ती पर्स घेऊन उठली आणि दाराशी पोचल्यावर हसत म्हणाली, "आमची पोर हल्ली मनानेच एक ओळ जोडते. बाप्पा, सॉरी, माझ्यामुळे आईचे हात दुखतात."

निघता निघता बोललेली वाक्यं मी सहसा सोडत नाही. अनुभवाने माझे कान त्याला सरावलेत. मी तिला परत बसवलं आणि ती ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. दुसऱ्यांदा म्हणताना तिचं हसू मावळलं.

"तिला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. आम्ही असं कसं बोलू?" मग थांबून म्हणाली, "पण कुणी आलं की सासूबाई सांगतात, ही झाली आणि तेव्हापासून हिचे हात धरले. आणि मी म्हणते, सोन्यासारखी पोर आहे, तिच्यासाठी सगळं सोसते."

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरात काहीही बिनसलं तरी आपल्यामुळेच बिनसलं असं वाटू शकतं. त्या वयाची समजच तशी असते. या पोरीने दोन्ही वाक्यं ऐकली होती आणि तिच्या परीने चोख हिशोब मांडला होता. आई माझ्यामुळे आजारी, आई माझ्यासाठी सोसते, म्हणून मी सॉरी म्हणायचं. वैदेही खूप रडली. मी तिला रडू दिलं. जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी ओठ मिटून घेतले, आणि ते फेडायला पोर बसली." इतकं नेमकं मलाही मांडता आलं नसतं. तेव्हापासून अशा घरांकडे बघायची माझी नजर बदलली. आईने दुखणं झाकून नुसते आभारच मानले, तर मुलाच्या वाट्याला कृतज्ञता येत नाही, कर्ज येतं. आणि आईने दुखणं साध्या शब्दांत सांगितलं, तर मूल त्यातून सुटतं.

मुलीशी काय बोलायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. वैदेहीने तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "आईच्या हातांना एक आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तू खोड्या केल्यास म्हणून वाढत नाही, आणि शहाण्यासारखी वागलीस म्हणून जातही नाही. तो तुला माझ्याकडून लागत नाही. मी औषध घेते. सकाळी माझे हात झोपलेले असतात, तेव्हा बटणं आजी नाहीतर बाबा लावतील." मुलीने फक्त विचारलं, "मग मी तुझा हात धरला तर चालेल?" कित्येक महिने ती आईचा हात धरायचं टाळत होती, हे वैदेहीच्या तेव्हा लक्षात आलं.

आजारी आईबापांना माझं सांगणं आहे, की या चार गोष्टी मुलाला सांगाच : आजाराचं नाव किंवा निदान जागा, तो तुझ्यामुळे नाही, तो लागणारा आहे की नाही, आणि मी झोपून असेन तेव्हा तुझं कोण बघेल. यातली शेवटची मुलाला सगळ्यात जास्त हवी असते, आणि नेमकी तीच सांगायची राहते. "मी लवकर बरी होईन" असं वचन मात्र देऊ नका. आज दुखतंय, उद्या कमी असेल, एवढं खरं पुरतं.

कृतज्ञता शिकवू नका असं मी अजिबात म्हणत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या लोकांनी २१ दिवस रोज आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या आणि त्यांचं मन जास्त प्रसन्न राहिलं. पण काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी निवडलं होतं. "आभार मान" असं म्हणून कुणी त्यांचं तोंड बंद केलं नव्हतं. वैदेहीच्या घरी आता रात्री दोन गोष्टी होतात. आधी प्रत्येकाने आज काय नको वाटलं ते सांगायचं, मग काय आवडलं ते. बाबासुद्धा सांगतात. पहिल्या भागात मुलीचं उत्तर बहुतेक वेळा भेंडीची भाजी असतं.

सकाळची वाटणीही बदलली. डबा आणि बटणं बाबांकडे गेली, शाळेचे बूट पट्टीचे घेतले. वैदेही कोमट पाण्यात हात बुडवून बसते आणि लेकीला गोष्ट सांगते. पाहुण्यांसमोर "ही झाली तेव्हापासून" हे वाक्य बंद व्हावं म्हणून तिच्या नवऱ्याने आईशी बोलायचं ठरवलं. ते काम सुनेवर टाकायचं नाही, असा माझा आग्रह होता.

सलग दोन आठवडे झोप उडाली असेल, मुलाजवळही जावंसं वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि समुपदेशनाने बरं वाटलं म्हणून सांध्यांची गोळी मनाने बंद करू नका. पुढच्या मुलाचा विचार असेल तर मेथोट्रेक्सेटबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, कारण ते गर्भाला घातक असतं.