रोहित पक्ष्यांवरून (फ्लेमिंगो) भांडण झालंय, काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी, ऐरोलीत राहतो. एक वॉटरकलर करते, एक लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापायचं चित्र) आणि मी भरतकाम. ठाणे खाडीवर मिळून एक मोठं काम करायचं ठरवलं, कागद पण आणला सहा फुटी, पण तिघींनी काढलेले रोहित तीन तऱ्हेचे दिसतायत. गुलाबी किती घ्यायचा यावरून वाद झाला आणि आता ग्रुपवर कोणी बोलत नाही. स्टाईल एकसारखी कशी करायची?

उत्तर: एकसारखी करूच नका गं. तिघींनी एकीसारखं काढायचं तर मग तिघी कशाला हव्यात? तुमचं अडलंय दुसरीकडेच असं मला वाटतं, तिघींनी तीन वेगवेगळे फोटो मोबाईलवर बघून काढलंय ना? आधी एकदा सोबत ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जा, ओहोटीची वेळ बघून जा, आणि पहिले दोन तास फक्त पेन्सिल.

गुलाबीचा वाद तर थवा नीट बघितलात की तिथेच मिटेल, कारण तो रंग त्यांना खाण्यातून, शेवाळातून येतो, लहान पक्षी करडेच असतात आणि एकाच थव्यात पांढरट, फिकट, गडद सगळे असतात. म्हणजे तुमच्या तिघींचे गुलाबी बरोबरच आहेत! छोटा रोहित आणि मोठा रोहित या दोन जाती, छोट्याची चोच गडद, काळपट लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, हे मात्र चुकवू नका. आणि पायाचा मागे वाकलेला सांधा गुडघा नाही, घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे कळलं की पाय आपोआप नीट येतात.

पण सगळा कागद रोहितांना देऊ नका ना, प्लीज. चिखलात निवट्या बघा, चिखलावर सरपटणारे मासे, गाल फुगवून कल्ल्यांपाशी पाणी धरून ठेवतात आणि पुढच्या परांवर रेटत सरकतात. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले इवलेसे खेकडे बघा, ते नर. तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या झाडाच्या, पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल, ते झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं.

हेच मीठ तुमच्या कामात आणा. वॉटरकलरवालीने चिखलाचा राखाडी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असतानाच वर जाडं मीठ भुरभुरायचं, रंग ओढला जाऊन ओल्या चिखलासारखे ठिपके उठतात. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाका, एक कण राहिला तरी छापताना नडेल. मग लिनोवाली, एकच पक्षी कोरून तेलाच्या शाईने शाई कमीजास्त करत थवा छापू दे, खालचा रंग पसरणार नाही. भरतकाम शेवटी, नाहीतर छापताना धागा चेपतो. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं मला तर धाग्यातच दिसतायत, उभे उभे साधे टाके. सहा फुटांत फक्त दोन गोष्टी तिघींनी मिळून ठरवा, पाण्याची रेघ कुठे आणि सगळ्यात मोठा पक्षी केवढा.

ग्रुपवर पहिला मेसेज तूच कर, वादाचं काही नको, ओहोटीची वेळ टाक फक्त. मे संपायच्या आत जा, मग थवे निघायला लागतात. आणि हो, कागदाला आधी सुईने भोकं पाडून घे, बारीक सुईने, नाहीतर टाका सैल बसतो.