यादवी, गृहयुद्ध, बंड की राज्यक्रांती?

विचारणा अशी आहे : "इंग्लंडात १६४२ ते १६५१ या काळात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जी युद्धे झाली, त्यांना मराठीत कुठे 'यादवी' म्हटलेले दिसते, कुठे 'गृहयुद्ध'. यादवी हा शब्द तर श्रीकृष्णाच्या कुळाच्या कथेतला. ख्रिस्ती पंथांच्या भांडणाला तो लावणे बरोबर आहे का? आणि राजाला मारून राजेपदच रद्द केले, तर त्याला राज्यक्रांती का म्हणत नाहीत?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. बरोबर आहे, आणि मी स्वतः यादवीच लिहितो. मात्र हा शब्द साधा नाही, त्याच्या पोटात एक निकाल दडलेला आहे. तो माहीत असावा आणि मग शब्द वापरावा.

महाभारताच्या मौसलपर्वात ही कथा येते. भारतीय युद्धाला छत्तीस वर्षे होत आली आहेत. द्वारकेत अपशकुन होतात म्हणून यादव प्रभासक्षेत्री जातात, तिथे मद्य पितात आणि बोलता बोलता जुनी उणीदुणी निघतात. सात्यकी कृतवर्म्याला डिवचतो : झोपलेल्या माणसांना मारणारा तू! कृतवर्मा उलट म्हणतो : हात तुटलेल्या, प्राणत्यागासाठी बसलेल्या भूरिश्रव्याचे डोके तू उडवलेस, ते काय होते? सात्यकी तलवार उपसतो, कृतवर्म्याचे शिर धडावेगळे होते आणि मग भोज, अंधक, वृष्णी सगळेच एकमेकांवर तुटून पडतात. किनाऱ्यावरचे एरका नावाचे गवत उपटले की हातात त्याचे मुसळ होते, म्हणून पर्वाचे नाव मौसल. बाप मुलाला मारतो, मुलगा बापाला. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सात्यकी पांडवांकडून लढला होता, कृतवर्मा कौरवांकडून. म्हणजे यादवांच्या घरात पेटलेली आग मुळात दुसऱ्याच्या घरातल्या युद्धाची होती. हे ध्यानात ठेवा, इंग्लंडकडे वळताना पुन्हा लागेल.

व्याकरणाची एक गंमतही सांगायला हवी. संस्कृतात 'यादवी' हे स्त्रीलिंगी विशेषण, 'यादवांची' एवढाच अर्थ. 'युद्ध' नपुंसकलिंगी, तेव्हा संस्कृताच्या हिशोबाने 'यादव युद्ध' व्हायला हवे होते. मराठीने ते विशेषण उचलले, त्याचे नाम केले आणि त्याला 'आपसातली लढाई' हा अर्थ दिला : यादवीत, यादवीने, यादवीचा. त्यामुळे 'यादवी युद्ध' म्हटले काय आणि नुसते 'यादवी' म्हटले काय, मराठीत दोन्ही चालते. मला नुसते 'यादवी' जास्त आवडते, कारण मग त्याच्यामागे त्याचे हक्काचे क्रियापद येते. युद्ध पुकारतात, लढतात, जिंकतात. बंड करतात, उभारतात, मोडतात. यादवी मात्र माजते. तण माजते, बजबजपुरी माजते, तशी ती माजते. 'त्याने यादवी जिंकली' हे वाक्य मराठी कानाला खटकते ते यामुळेच. निकाल दडलेला आहे म्हटले तो हाच : ज्याला यादवी म्हटले त्यात कोणाचीच बाजू न्याय्य नसते आणि शेवटी जिंकायला कोणी उरत नाही.

हिची सख्खी बहीण म्हणजे सुंदोपसुंदी. सुंद आणि उपसुंद हे भाऊ तिलोत्तमेपायी एकमेकांच्या हातून मेले. पण सुंदोपसुंदीत भांडणारे मोजके असतात आणि भांडण एखाद्या वस्तूवरून, बहुधा खुर्चीवरून असते. यादवीत अख्खे कूळ ओढले जाते. भाऊबंदकी वाटणीची असते, तिला तलवार लागतेच असे नाही. 'गृहयुद्ध' या सगळ्यांहून कोरडा, सरळ अर्थाचा शब्द, बातमीला सोयीचा. त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते हल्ली दिसणाऱ्या 'नागरी युद्ध' या भाषांतराशी. मूळ लॅटिन शब्दप्रयोगात 'नागरिकांचे आपसातले युद्ध' असा भाव होता, पण मराठीत 'नागरी' म्हटले की शहराचे, किंवा लष्करी नव्हे ते. 'नागरी युद्ध' वाचून पालिकेच्या निवडणुकीचे चित्र डोळ्यांपुढे आले तर वाचकाला दोष देऊ नये.

आता यादवी हा शब्द इंग्लंडला कितपत बसतो ते पाहू.

१६४३ च्या जूनमध्ये पार्लमेंटचा सेनानी विल्यम वॉलर याने राजाचा सेनानी राल्फ हॉप्टन याला एक पत्र लिहिले. दोघे जुने मित्र, तरुणपणी परदेशातल्या लढाईत एकत्र असलेले. हॉप्टनने भेटू या म्हटले होते, वॉलरने नकार कळवला. त्या पत्रात तो या लढाईला 'शत्रू नसलेले युद्ध' म्हणतो आणि आपल्याला तिचा मनापासून तिटकारा असल्याचे लिहितो. तीन आठवड्यांच्या आत, ५ जुलैला, लॅन्सडाउनच्या टेकडीवर दोघे सैन्ये घेऊन समोरासमोर उभे होते. 'शत्रू नसलेले युद्ध' याला मराठीत एका शब्दात काय म्हणाल? यादवीच.

दुसरे उदाहरण सर एडमंड व्हर्नी यांचे. एजहिलच्या लढाईत, २३ ऑक्टोबर १६४२ रोजी, राजाचे निशाण त्यांच्या हाती होते आणि तिथेच ते पडले. थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटच्या बाजूला. आणि बापाला तरी राजाची बाजू पटली होती का? ज्या बिशपांवरून, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांवरून, हे भांडण, त्यांच्याबद्दल मला आदर नाही, पण तीस वर्षे या राजाची भाकरी खाल्ली, आता त्याला सोडणे नीचपणाचे होईल, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे एका सहकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हेच. आपली बाजू चुकीची आहे हे ठाऊक असूनही तिच्याकडून उभे राहण्यात जे भीष्म-द्रोणांचे दुखणे आहे, ते इथेही आहे.

आणि दुसऱ्याच्या घरातली आग? तीही आहे. चार्ल्स पहिला एकाच वेळी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तीन राज्यांचा राजा होता. ठिणगी इंग्लंडात पडलीच नाही. १६३७ मध्ये त्याने आणि आर्चबिशप विल्यम लॉड यांनी स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले आणि एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेताच दंगा उसळला. पुढच्या वर्षी स्कॉटिश लोकांनी आपल्या धर्मव्यवस्थेच्या रक्षणासाठी करारनामा केला, त्यावरून १६३९ आणि १६४० अशा दोन लढाया झाल्या. युद्धाला पैसा हवा, म्हणून अकरा वर्षे पार्लमेंटविना कारभार हाकणाऱ्या राजाला पार्लमेंट बोलावणे भाग पडले. १६४१ मध्ये आयर्लंडात उठाव झाला. तो मोडायला सैन्य हवे, पण ते सैन्य कोणाच्या हुकुमात असावे यावर राजा आणि पार्लमेंट यांचे फाटले. ऑगस्ट १६४२ मध्ये राजाने नॉटिंगहॅमला निशाण रोवले ते असे फिरून फिरून.

स्कॉट लोकांच्या बाजू बदलण्याचा हिशोब तर लिहून ठेवावा लागतो : आधी राजाविरुद्ध, मग १६४३ पासून पार्लमेंटच्या बरोबरीने, १६४८ मध्ये त्यांच्यातला एक गट राजासाठी, आणि नंतर त्याच्या मुलासाठी, तो १६५१ मध्ये वूस्टरला हरेपर्यंत. याला पंचांग लागते.

शब्द लंगडा पडतो तो दोन ठिकाणी. एक, आयर्लंडात. १६४९ मध्ये पार्लमेंटचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल तिथे उतरला आणि ड्रॉहेडाला त्याच्या सैन्याने शरण आलेल्यांचीही कत्तल केली. ती आपसातली लढाई नव्हे, ती स्वारी. तिथे 'यादवी' लिहिणे म्हणजे मारणाऱ्याला आणि मेलेल्याला एका घरचे करणे. दुसरे, पार्लमेंटच्या लोकांना स्वतःला हा शब्द पटला नसता, कारण आपली बाजू न्याय्य आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. राजपक्षाने मात्र या साऱ्याला 'द ग्रेट रिबेलियन', म्हणजे थोरले बंड, असे नाव दिले. बंड नेहमी खालून वर होते, तेव्हा हा शब्द उच्चारताच आपण राजाच्या पंगतीला बसतो. पार्लमेंटला हे कळत होते. म्हणून तिच्या सेनापतीला सुरुवातीला दिलेल्या सनदेत आपण 'राजा आणि पार्लमेंट यांच्यासाठी' लढतो असेच लिहिले होते. राजाच्या नावाने राजावर गोळ्या झाडायच्या! भाषेची अशी कसरत बंड करणाऱ्यालाच सुचते, असे राजपक्ष म्हणाला असेल.

'धर्मयुद्ध' हा शब्द इथे अजिबात नको. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेले युद्ध, त्याच्या उलट कूटयुद्ध, म्हणजे कपटाने लढलेले. गीतेतले 'धर्म्याद्धि युद्धात्' ते हेच. पुढे क्रुसेडच्या भाषांतरासाठी तो शब्द वापरात आला आणि दोन अर्थांची गल्लत झाली. इंग्लंडात तर दोन धर्म समोरासमोर नव्हतेच. राजा प्रॉटेस्टंट, पार्लमेंट प्रॉटेस्टंट. वाद होता तो चर्चमध्ये बिशप असावेत की नसावेत, वेदीला कठडा असावा का, प्रार्थना छापील असावी की उत्स्फूर्त, असा. राणी फ्रान्सची, कॅथलिक, त्यामुळे लॉडचा प्रत्येक बदल रोमकडे नेणारा आहे अशी भीती प्युरिटन लोकांना, म्हणजे चर्चमधले उरलेसुरले कॅथलिक वळण काढून टाकू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांना, वाटे. याला 'पंथकलह' हा शब्द चपखल बसतो. आतून कुरतडणारा, बाहेरच्याला क्षुल्लक वाटणारा.

राजाच्या खटल्यात तर शब्दांचीच लढाई झाली. जानेवारी १६४९. आरोपपत्रात चार्ल्सला जुलमी, 'ट्रेटर', खुनी म्हटले होते. या 'ट्रेटर'चे मराठी काय कराल? सवयीने हात 'राजद्रोही'कडे जातो आणि वाक्य हास्यास्पद होते : राजाने राजद्रोह केला! पण ती केवळ भाषांतराची अडचण नाही. इंग्लंडच्या १३५१ च्या कायद्यातही हा गुन्हा राजाविरुद्धच होऊ शकत होता. राजाने कोणाचा द्रोह केला, असे विचारले तर उत्तर देण्यासाठी राजाहून मोठे असे काहीतरी दाखवावे लागणार. खटला चालवणाऱ्यांनी ते 'लोक' म्हणून दाखवले. चार्ल्सने शेवटपर्यंत बचावच दिला नाही, कोणत्या अधिकाराने मला इथे आणले एवढेच तो विचारत राहिला. तेव्हा इथे 'देशद्रोही' किंवा नुसते 'द्रोही' लिहावे. 'राजद्रोही' लिहिले तर खटल्याचा सगळा मुद्दाच हरवतो.

आता राज्यक्रांती. 'यादवी' हे लढाईचे नाव, 'राज्यक्रांती' हे परिणामाचे. ३० जानेवारीला राजाचा वध झाला, मार्चमध्ये राजेपद रद्द करणारा कायदा झाला, मे महिन्यात इंग्लंड राजाविना राज्य, इंग्रजीत 'कॉमनवेल्थ', म्हणून जाहीर झाले. राजा जाणे आणि राजेपद जाणे यांत दीड महिन्याचे अंतर आहे. राज्यक्रांती म्हणायची ती या दुसऱ्या गोष्टीला, आणि तसे म्हणणारे इतिहासकार आहेतही. शब्द रूढ का झाला नाही? माझ्या मते, १६६० मध्ये राजाचा मुलगा परत गादीवर बसला म्हणून. मराठीत 'क्रांती' म्हणजे ओलांडणे, पलीकडे जाणे. परत आलेल्याला कोण क्रांती म्हणणार? त्या काळच्या इंग्रजीत मात्र 'रेव्होल्यूशन' हा शब्द ग्रहताऱ्यांच्या फेऱ्यालाही वापरत, फिरून मूळ जागी येणे या अर्थाने, आणि त्या अर्थाने १६६० च अगदी फिट बसते.

जाता जाता भाषांतर करणाऱ्यांसाठी दोन खड्डे दाखवतो. १६४९ मधल्या 'कॉमनवेल्थ'ला 'राष्ट्रकुल' म्हणू नका. राष्ट्रकुल म्हणजे विसाव्या शतकातली, ब्रिटनच्या जुन्या वसाहतींची संघटना, जिच्या प्रमुखपदी इंग्लंडचा राजा असतो. राजा नको म्हणून स्थापन झालेल्या व्यवस्थेला तेच नाव दिले तर वाचकाने काय समजावे? लोकराज्य म्हणा, प्रजासत्ताक म्हणा.

दुसरा खड्डा म्हणजे 'चार्ल्सला फाशी दिली'. नाही दिली. व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचा शिरच्छेद झाला. फाशी हा शब्द या गोष्टीत येतो, पण बारा वर्षांनी. ३० जानेवारी १६६१ रोजी, त्याच तारखेला, क्रॉमवेल, त्याचा जावई आयर्टन आणि खटल्याचा अध्यक्ष ब्रॅडशॉ यांना लंडनजवळच्या टायबर्न या वधस्थळी फासावर लटकवले आणि मग त्यांचीही डोकी उडवली. तिघेही त्याआधीच मेलेले होते, त्यांना थडग्यांतून उकरून काढले होते. तेव्हा तिथेही 'फाशी दिली' लिहिताना हात थांबतो : मेलेल्याला फाशी देतात, की नुसते टांगतात?