भिंतीवर एलपी लावण्याआधी

आधी वजनाचा विचार करा. 12 इंची एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी रेकॉर्ड, कव्हरसकट साधारण पाव किलो भरते, म्हणजे 100 रेकॉर्डचा खण 25 किलोच्या घरात जातो. त्यामुळे ब्रॅकेट प्लास्टरमध्ये नको, थेट विटेत किंवा काँक्रीटमध्ये फास्टनर ठोकून घ्या. सुताराला खणाची खोली 13 इंच सांगा आणि दर फुटाला उभी फळी घालायला लावा. रेकॉर्ड कलल्या की वाकतात, आणि वाकलेली तबकडी पूर्ववत करणं फार अवघड. आडव्या थप्प्या तर नकोतच. लाखेच्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या ठिसूळ असतात, त्या खालच्या कप्प्यात ठेवा.

भिंत कुठली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी पहिला खण पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावला होता. गणपतीपर्यंत कव्हरांवर बुरशीचे ठिपके आले, अजून हळहळतो. आतली कोरडी भिंत निवडा, मागे बोटभर जागा सोडा.

दर्शनी पट्टीवर कव्हरं जरूर लावा, पण ऊन पडत असेल तर रंग उडतो आणि तबकडीही वाकते. तिथे नुसतं कव्हर ठेवा, रेकॉर्ड आतल्या पिशवीत घालून खणातच राहू द्या.